'दसपट वाढ' म्हणजे नेमकी कशाची वाढ? (मदत हवी आहे)

कुंपणावरचा

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

आमची कंपनी कारखान्यांना लागणारे एअर कॉम्प्रेसर (हवा दाबून पुरवणारी यंत्रं) विकते आणि त्यांची देखभाल करते. दीडशेच्या आसपास माणसं. धंदा बरा आहे. पण गिऱ्हाइकं वाढली की त्याच हिशेबात सर्व्हिस इंजिनिअर वाढवावे लागतात, त्यामुळे विक्री वाढली तरी हातात उरतं तेवढंच. गेल्या महिन्यात मालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि तेव्हापासून एकच जप चाललाय, 'दसपट'. एआय, सेन्सर, प्लॅटफॉर्म, सगळं एका सादरीकरणात कोंबलंय. ब्लॉकचेनचीही एक स्लाइड आहे. का आहे ते कुणालाच माहीत नाही.

मला सहा आठवड्यांत टिपण द्यायचंय: नव्या तंत्रज्ञानाच्या जोरावर झपाट्याने वाढायचं तर बिझनेस मॉडेल कोणतं धरावं?

वाचायला घेतलं की तीच ती उदाहरणं समोर येतात. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम १ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं तेव्हा तिथे १३ माणसं होती. २०१४ मध्ये व्हॉट्सॅपचा १९ अब्जांचा सौदा जाहीर झाला तेव्हा ५५ माणसं आणि ४५ कोटी वापरकर्ते. वाचून छाती दडपते, पण कॉम्प्रेसरच्या धंद्याने यातून काय घ्यायचं ते उमगत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हिशेबी

टिपणात तंत्रज्ञानाचं नाव सगळ्यात शेवटी लिहा. आधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: पुढचं गिऱ्हाईक आलं की तुमच्याकडे काय काय वाढवावं लागतं?

व्हॉट्सॅपची ५५ माणसं हा चमत्कार नव्हता. फोन गिऱ्हाइकाचा, इंटरनेटचं बिल तो भरणार, ओळखीपाळखीची यादी त्याच्याच फोनमध्ये आधीपासून तयार. नवं खातं उघडलं की कंपनीच्या खर्चात पडणारी भर जवळजवळ शून्य. म्हणजे वाढीचा खर्च होताच, फक्त तो दुसऱ्यांच्या खिशातून जात होता. झपाट्याने वाढलेल्या कुठल्याही कंपनीकडे या नजरेने पाहा. माणसं, जागा, माल आणि जोखीम यातलं काय त्यांनी स्वतःकडे ठेवलं नाही, तेच त्यांचं मॉडेल.

उलटं उदाहरण मूव्हीपासचं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी महिना ९.९५ डॉलर वर्गणीत रोज एक सिनेमा देऊ केला. लोक तुटून पडले, वर्षभराच्या आत सभासद तीस लाखांवर गेले. पण प्रत्येक तिकिटाचे जवळपास पूर्ण पैसे कंपनी थिएटरला मोजत होती. जितकं गिऱ्हाईक खूश, तितका खड्डा खोल. सप्टेंबर २०१९ मध्ये दुकान बंद. अॅप छान होतं हो, अॅपबद्दल तक्रारच नाही.

चहाटळ

ब्लॉकचेनची स्लाइड कितवी आहे? शेवटून पहिली असेल तर मालक शहाणे आहेत, शेवटच्या स्लाइडपर्यंत कुणी जागं नसतं.

बाकी वाचतोय.

जुनी वही

हिशेबींशी सहमत, पण 'तंत्रज्ञान शेवटी' हे जरा जास्त झालं. कधी तंत्रज्ञानच असं असतं की जुन्या मांडणीत ते बसत नाही.

हॅलॉइड झेरॉक्सचं ९१४ हे यंत्र घ्या, १९५९ सालचं. साध्या कागदावर प्रत काढणारं पहिलं यशस्वी ऑफिस कॉपियर. यंत्र एवढं महाग पडत होतं की विकायला काढलं असतं तर कुणी उभं केलं नसतं. आयबीएमने आधीच 'याला बाजार नाही' म्हणून हात झटकले होते, आणि विक्रीच्या हिशेबाने त्यांचं चुकलंही नव्हतं. मग कंपनीने यंत्र विकायचंच नाही असं ठरवलं. महिना ९५ डॉलर भाडं, त्यात २००० प्रती, त्यापुढे दर प्रतीमागे काही सेंट. लोकांना प्रती काढायची अशी चटक लागली की महिन्याचा कोटा काही दिवसांत उडायला लागला. यंत्र तेच, माणसं तीच, फक्त बिल कशाचं फाडायचं ते बदललं.

दुसरी गोष्ट विजेची. १८८० च्या दशकात वीज बाजारात आली, पण कारखान्यांच्या उत्पादकतेत तिचा मोठा परिणाम दिसायला १९२० चं दशक उजाडलं. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये यावर फार सुंदर निबंध लिहिला. कारण असं की सुरुवातीला लोकांनी वाफेचं मोठं इंजिन काढून त्याच जागी विजेची मोठी मोटर ठेवली. छताखालचा तोच लांब दांडा, त्यावरून उतरणारे तेच पट्टे. एक पट्टा तुटला की अख्खी ओळ ठप्प. यंत्रागणिक स्वतंत्र छोटी मोटर आली तेव्हा कुठे कारखान्याची मांडणी कामाच्या ओघानुसार करता आली. आज जुन्या कार्यपद्धतीला चॅटबॉट चिकटवणारे पाहिले की मला तो दांडा आठवतो.

कुंपणावरचा

जुनी वही, दंडवत! दांड्याची गोष्ट टिपणात घेणार.

हिशेबी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर काल बसून काढलं. पुढचं गिऱ्हाईक आलं की: (एक) सर्व्हिस इंजिनिअरचा वेळ, (दोन) सुट्या भागांचा साठा, (तीन) प्रवास. तिन्ही वाढतात आणि तिन्ही आमच्याच खिशातून.

वाचताना केझर या जर्मन कंपनीबद्दल कळलं. ते काही ग्राहकांना कॉम्प्रेसर विकतच नाहीत, दाबाची हवा घनमीटरवर विकतात. यंत्र ग्राहकाच्या आवारात, पण मालकी केझरची. मालकांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "हेच!" म्हणाले. आता पंचाईत माझी.

तेलकट हात

तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोल्यांत काढली आहेत, म्हणून लिहायचं धाडस करतो.

ही कल्पना जुनी आहे. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या इंग्लिश कंपनीने व्हायपर या विमानाच्या इंजिनासाठी उड्डाणाच्या तासावर दर लावला, पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसमध्ये गेली आणि ती पद्धतही सोबत गेली. यातली खरी ताकद अशी. तुम्ही दुरुस्तीचे पैसे घेता तोवर यंत्र बिघडण्यात तुमचा फायदा. तासाचे किंवा हवेचे पैसे घ्यायला लागलात की बिघाड तुमच्या अंगावर येतो. मग सेन्सर लावायची, चांगला भाग वापरायची, फिल्टर वेळेवर बदलायची बुद्धी आपोआप होते. त्याआधी कितीही सेन्सर लावा, त्याचे आकडे कुणी उघडून बघत नाही. (आमच्याकडे तीन वर्षं येत होते. पासवर्ड ज्याच्याकडे होता तो नोकरी सोडून गेला.)

पण हवा विकण्यात एक मेख आहे आणि ती सादरीकरणात कधी नसते. कारखान्याच्या पाइपांतून हवा गळते. नीट लक्ष नसेल तर एकूण हवेच्या २० ते ३० टक्के गळणं अजिबात नवल नाही. मीटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवला, की गळलेल्या हवेचंही बिल ग्राहकाला लागतं. म्हणजे जितकी गळती तितकी तुमची विक्री! पहिलं वर्ष गोडीत जातं. दुसऱ्या वर्षी ग्राहकाचा एनर्जी ऑडिटर येतो आणि तुम्ही तोंड लपवत फिरता. आणि विजेचं बिल कोण भरणार? कॉम्प्रेसरच्या आयुष्यभराच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा विजेचा असतो, यंत्राची किंमत त्यापुढे किरकोळ. वीज ग्राहकाची आणि यंत्र तुमचं असेल, तर वीज खाणारं स्वस्त यंत्र बसवायचा मोह तुम्हालाच होईल.

हिशेबी

तेलकट हात यांचा प्रतिसाद मालकांना छापून द्या.

आता पैशाचं. आज तुम्ही यंत्र विकता तेव्हा रक्कम एकदम येते. हवा विकायला लागलात की यंत्राचे पैसे आज तुम्ही घालणार आणि ते पाच-सात वर्षांत थेंबाथेंबाने परत येणार. म्हणजे जितके जास्त करार, तितका जास्त पैसा अडकलेला. वाढ झपाट्याने झाली तर कंपनी नफ्यात असूनही खेळतं भांडवल संपून आडवी होऊ शकते. अॅडोबीने २०१३ मध्ये सॉफ्टवेअर कायमचं विकणं थांबवून वर्गणी सुरू केली, तेव्हा वर्षाचं उत्पन्न ४.४ अब्ज डॉलरवरून ४ अब्जांच्या आसपास घसरलं. पुढे जोरात चढलं, पण तो खड्डा त्यांना ओलांडावा लागला. आणि त्यांना यंत्रं विकत घ्यायची नव्हती, तुम्हाला घ्यायची आहेत.

वीवर्कचं काय झालं आठवा. जागा लांब मुदतीच्या भाड्याने घ्यायच्या आणि महिन्या-महिन्याच्या बोलीवर द्यायच्या. बोलायची भाषा टेक कंपनीची, ताळेबंद जागा भाड्याने देणाऱ्याचा. जानेवारी २०१९ मध्ये मूल्यांकन ४७ अब्ज डॉलर, नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. देणी लांबची आणि येणी जवळची असली की मधली फट तंत्रज्ञानाने भरत नाही.

थोडक्यात, ग्राहकाने किमान काही वर्षांची हमी दिल्याशिवाय यंत्र त्याच्या दारात ठेवू नका. शक्य असेल तर मालकी एखाद्या वित्तसंस्थेकडे राहू द्या आणि तुम्ही फक्त चालवा.

पुढचं पाऊल

इथे सगळे मिळून माणसाला घाबरवायला बसलेत!

अहो, सावधपणाची किंमत पण मोजावी लागते. अॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस३ ही इंटरनेटवर डेटा साठवण्याची सेवा काढली तेव्हा 'पुस्तकं विकणारे हे काय करतायत' असंच लोक म्हणाले. स्वतःसाठी जे उभारलं ते दुसऱ्यांना वापरेल तेवढ्या बिलावर द्यायचं, एवढीच युक्ती. त्यानंतर निघालेल्या कित्येक कंपन्यांना सर्व्हर विकतच घ्यावे लागले नाहीत. शाओमी पाहा. २०१० मध्ये आधी अँड्रॉइडवरची स्वतःची प्रणाली काढली, फोरमवरच्या हौशी लोकांकडून चुका काढून घेतल्या, दर आठवड्याला सुधारित आवृत्ती दिली. स्वतःचा फोन आणला २०११ मध्ये, तोवर चाहते तयार होते. जाहिरातीचा आणि तपासणीचा खर्च समुदायाने उचलला.

कुंपणावरचे, तुमच्या नावातच दोष आहे. उडी मारा. स्वतंत्र सर्व्हिस इंजिनिअरांचं प्लॅटफॉर्म काढा. माणसं पगारावर ठेवायचीच नाहीत. दसपट होईल.

निळी शाई

पुढचं पाऊल, शाओमीच्या उदाहरणाला +१. पण प्लॅटफॉर्मचा सल्ला इतक्या सहज नका देऊ.

प्लॅटफॉर्म दोन्ही बाजूंनी भरावं लागतं. ग्राहक नाहीत म्हणून इंजिनिअर येत नाहीत, इंजिनिअर नाहीत म्हणून ग्राहक येत नाहीत. ही कोंडी सॉफ्टवेअरने सुटत नाही, पायपीट करूनच सुटते. एअरबीएनबीचे संस्थापक २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन यजमानांच्या घरांचे फोटो काढून देत होते. केनियातलं एम-पेसा हे माझं आवडतं उदाहरण. सफारीकॉमने मार्च २००७ मध्ये सुरू केलं. लोक म्हणतात मोबाइलने क्रांती केली. साध्या फोनवर चालणारी ती सेवा तांत्रिकदृष्ट्या फार भारी नव्हतीच. मुळात चाचणी घेतली होती लघुकर्जाचे हप्ते फेडण्यासाठी, पण लोक एकमेकांना पैसे पाठवायला लागले, आणि कंपनीने हट्ट न धरता तेच पुढे नेलं. खरं काम केलं ते रोकड घेणाऱ्या-देणाऱ्या एजंटांच्या जाळ्याने. त्यांना कमिशन, त्यांच्याकडे पुरेशी रोकड राहील याची व्यवस्था, त्यांची देखरेख. हे सगळं कंटाळवाणं काम आहे आणि तेच मॉडेल आहे.

आणि देखभालीच्या धंद्यात एक वेगळीच गळती असते (तेलकट हात, हवेची नव्हे). इंजिनिअर एकदा कारखान्यात जाऊन आला, ओळख झाली, काम आवडलं, की पुढच्या वेळी ग्राहक त्यालाच थेट फोन करतो. मधल्या प्लॅटफॉर्मची गरज काय? टॅक्सीत तसं होत नाही, कारण दर वेळी चालक वेगळा. जिथे तोच माणूस पुन्हा पुन्हा हवा असतो तिथे दलाली टिकवणं अवघड.

पुढचं पाऊल

हा मुद्दा लक्षात आला नव्हता. मागे घेतो. पण उडी मारा हे मागे घेत नाही!

हिशेबी

वेग कधी लागतो हेही सांगून टाकतो. प्रत्येक नवा वापरकर्ता आल्याने आधीच्यांचा फायदा वाढत असेल, जसं टेलिफोनमध्ये, तिथे घाई करायला अर्थ आहे. पाच फोन असले तर जोडण्या दहा होतात, दहा असले तर पंचेचाळीस. जो आधी मोठा झाला त्याला मागून गाठणं कठीण. तुमच्या एका ग्राहकाला दुसऱ्या ग्राहकाने कॉम्प्रेसर घेतल्याचा काय फायदा? काहीच नाही. मग दसपटीची घाई कुणाला? वेबव्हॅनने किराणा घरपोच द्यायला १९९९ मध्ये २६ गोदामं बांधायचं १ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं, पहिल्या गोदामाचा हिशेब जमतोय का ते कळायच्या आत. जुलै २००१ मध्ये गाशा गुंडाळला.

रात्रपाळी

उशिरा येतोय. पोटापाण्यासाठी यंत्रांच्या डेटावर मॉडेल बनवतो, म्हणून एआयबद्दल तेवढं लिहितो.

पहिलं. ग्राहकाने आणखी कितीही वापरलं तरी तुमच्या खर्चात पडणारी भर जवळजवळ शून्य, हे नेहमीच्या सॉफ्टवेअरला लागू होतं. मोठ्या भाषा-मॉडेलला (चॅटबॉटच्या मागे असतं ते एआय) नाही. तिथे प्रत्येक प्रश्नामागे चिपा फिरतात आणि बिल येतं. ठरावीक वर्गणी घेऊन अमर्याद वापर दिला तर सगळ्यात जास्त वापरणारे लोक तुम्हाला खातात. हिशेबींचं मूव्हीपास इथे नव्या कपड्यांत हजर आहे.

दुसरं, आणि हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. 'बिघाड आधीच ओळखणारं एआय' ऐकायला गोड लागतं. पण मॉडेलला शिकायला बिघाडाचे नमुने लागतात, आणि देखभाल नीट असेल तर बिघाडच दुर्मिळ असतात. काहीशे यंत्रं, त्यात पाच-सहा प्रकार, प्रत्येक प्रकाराचा एअर-एंड (हवा दाबणारा मुख्य भाग) जाण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्यावर मॉडेल खोट्या घंटा वाजवतं. दोनदा उगाच धावपळ झाली की तिसऱ्यांदा इंजिनिअर घंटेकडे बघत नाही, आणि नेमकी तीच खरी निघते. जीईसारख्या (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीने औद्योगिक इंटरनेटसाठी प्रेडिक्स प्लॅटफॉर्मचा मोठा गाजावाजा केला आणि काही वर्षांत आवरतं घेतलं. तिथे पैशाचा तुटवडा नव्हता.

साधे नियम आधी लावा. तेलाचं तापमान अमुकच्या वर, फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक तमुकच्या वर, लोड-अनलोडचं चक्र (यंत्राने हवा भरणं आणि थांबणं) नेहमीपेक्षा जलद. याला एआय म्हणत नाहीत, पण काम भागतं.

तिसरं. निर्णय यंत्राच्या हाती दिला की चूकही त्याच वेगाने वाढते. झिलो या घरांच्या अमेरिकन संकेतस्थळाने घरांचा भाव सांगणारा अल्गोरिदम वापरून स्वतःच घरं विकत घ्यायला सुरुवात केली होती. बाजार वळला, अल्गोरिदम वळला नाही, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो विभाग बंद करताना सुमारे २५ टक्के कर्मचारी कमी करत असल्याचं जाहीर करावं लागलं. भाव नुसता सांगत होते तोवर चूक स्वस्त होती. स्वतः घ्यायला लागले तेव्हा महाग पडली.

तेलकट हात

रात्रपाळी, खोट्या घंटांबद्दल अगदी अगदी. आमच्या एका पोऱ्याने तर सेन्सरवर चिंधी गुंडाळली होती.

चहाटळ

आणि त्यानंतर यंत्र एकदम 'सुदृढ' झालं असणार.

कुंपणावरचा

मंडळी, टिपण दिलं. काय झालं ते सांगायला हवं.

रात्रपाळींचं वाचून गेल्या वर्षभराच्या सर्व्हिस कॉलची नोंदवही घेऊन बसलो. टक्केवारी इथे सांगत नाही, पण बऱ्याच कॉलना इंजिनिअर गेला आणि फिल्टर झटकून किंवा सेटिंग बदलून परत आला. म्हणजे आमच्या वाढीला जो आवळतोय तो प्रवास, बिघाड नव्हे. दुरून बघता आलं असतं तर त्याच माणसांत जास्त यंत्रं सांभाळता आली असती. हे एवढं कळायला ना परिषद लागत होती ना एआय. नोंदवही कपाटातच होती.

मालकांपुढे असं मांडलं: जुन्या ग्राहकांची बारा यंत्रं घ्यायची. दाब, तापमान, चालू तास एवढंच मोजायचं. नियम साधे. यंत्र ग्राहकाचंच राहील, आपण यंत्र चालू राहण्याची हमी विकू, महिन्याची ठरावीक रक्कम, आणि ठरलेल्या तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर आपण पैसे सोडू. हवा विकणं नंतर, एक इंजिनिअर आज सांभाळतो त्याच्या दुप्पट यंत्रं सांभाळू शकतो हे दिसल्यावर, आणि तेही वित्तसंस्था मध्ये घेऊन.

मालक थोडे हिरमुसले. "यात दसपट कुठाय?" म्हणाले. मी दांड्याची गोष्ट सांगितली. मग बराच वेळ नोंदवही चाळत बसले. बारा यंत्रांना मंजुरी मिळाली आहे. ब्लॉकचेनची स्लाइड मी काढून टाकली, कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढचं पाऊल

बारा म्हणजे उडी नाही, पण कुंपणावरून एक पाय तरी खाली आला. अभिनंदन!

हिशेबी

'पैसे सोडू' याला वरची मर्यादा घातलीत का? नसेल तर आजच घाला.

तेलकट हात

आणि 'बंद' कशाला म्हणायचं ते करारात लिहा. वीज गेली म्हणून बंद, ग्राहकाच्या माणसाने आणीबाणीचं बटण दाबलं म्हणून बंद, हवा नको म्हणून स्टँडबायला गेलं, हे तिन्ही त्या सेन्सरला सारखंच दिसतं. पहिलं भांडण तिथेच होणार.

कुंपणावरचा

हे सुचलंच नव्हतं. उद्या सकाळी बघतो. आणीबाणीच्या बटणाचा सिग्नल वेगळा घेता येतो का, कुणाला माहीत आहे?

रात्रपाळी

येतो. कंट्रोलरचं मॉडेल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.